चौथा फाऊल

सव्वीस वर्षं मी या टेबलाशी बसते,
आयोवातल्या एका लहानशा कॉलेजात,
पंचांसारखाच पट्ट्यांचा शर्ट, कानामागे शिसपेन्सिल.
टाळ्या वाजवायची मला मुभा नाही.
मी लिहायचं फक्त:
कोणी टाकला, कोणाचा हुकला, कोणी कोणाला ढकललं.

त्या रात्री बाहेर उणे एकोणीस.
नदी पार गोठलेली, पार्किंगमध्ये काहींनी इंजिनं चालूच ठेवलेली,
आत अठराशे माणसं आणि लाह्यांवरच्या लोण्याचा वास.
केझाया ब्रँडव्होल्ड, नंबर एकवीस,
बावीस गुण झालेले, अकरा मिनिटं बाकी,
आणि शिट्टी.

पंच नवखा होता.
धावत माझ्यासमोर आला, अर्धवट वळलेला,
एका हाताची दोन बोटं, दुसऱ्याचं एक.
तोंडानेही काही बोलला, पण बँड वाजत होता.
बारा की एकवीस?
आमच्याकडे दोघी होत्या,
उंची एक, केसांची वेणी एक,
चेंडूमागे एकदमच झेपावलेल्या.
मी लिहिलं एकवीस.
चौथा.

लॉरीन डाइट्रिखने तिला बाहेर घेतलं.
पाचवा झाला की मुलगी गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं;
किती वेळ बसवायचं, ते कुठल्याच पुस्तकात नाही.
नऊ मिनिटं केझाया डोक्यावर टॉवेल घेऊन
बुटाची नाडी सोडत होती,
बांधत होती,
परत सोडत होती.
उठवलं तेव्हा अंग गार पडलेलं.
दोन गुणांनी हरलो.

मग गाव बोलू लागलं.
न्हाव्याच्या खुर्चीत, धान्याच्या कोठारापाशी,
चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता:
झाला असता पाचवा तर झाला असता, राखून काय लोणचं घालायचं होतं?
छे, शेवटासाठी राखायलाच हवी.
वरातीमागून घोडे,
आणि प्रत्येक घोड्यावर एक कोच.
डाइट्रिख पत्रकारांना एवढंच म्हणाली,
निर्णय माझा.

मार्चमध्ये कॉन्फरन्सचे पुरस्कार.
दहा कोच, दहा मतं, आपल्या पोरीला मत द्यायचं नाही.
सर्वोत्तम खेळाडू दुसऱ्याच कॉलेजची,
एका मताने.
जेवणाच्या टेबलावर कोणीसं म्हणालं,
ऐन सामन्यात नऊ मिनिटं बाकावर, तिला कसं द्यायचं?
मी बटाटे चिवडत राहिले.
ती नऊ मिनिटं माझ्याच अक्षरात गेली होती सगळ्यांकडे.

एका रविवारी स्वयंपाकघरात बसून
मी चित्रफीत पाहिली. थांबवली. मागे नेली.
फटका मारणाऱ्या मनगटावर हिरवा पट्टा.
केझाया पट्टा घालत नाही.
बारा नंबरची घालते.

सोमवारी वही घेऊन डाइट्रिखकडे गेले.
तिने उघडलीच नाही.
म्हणाली, पट्टा मी दुसऱ्याच दिवशी पाहिला, मार्गिट.
मग खिडकीबाहेर बघत:
तीनच असते तरी बसवलीच असती बहुतेक. दमली होती पोर.
हे खरं होतं की माझ्यासाठी होतं,
मी विचारलं नाही.
तीही पुढे बोलली नाही.
हीटर तेवढा खडखडत होता.

केझायाला मात्र अजून सांगितलेलं नाही.
मे महिन्यात ती पदवी घेऊन गेली,
जाताना मला मिठी मारली, म्हणाली,
तुमचं अक्षर फार सुरेख आहे हं.

आता नोव्हेंबर. नवा मोसम.
पंच समोर आला, बोटं दाखवली,
मी पेन्सिल खाली ठेवली.
पुन्हा सांग, म्हटलं. तोंडाने.
मागून हुर्यो सुरू झाली,
घड्याळ थांबलेलं, दोन्ही कोच उभे.
आणखी एकदा, म्हटलं.
मला ऐकू आलं नाही.