आज अकरा

ओहायोतल्या दफनभूमीत मे महिन्यातली सकाळ.
डेलफीन ओस्ट्रँडर गुडघे टेकते
थडग्यापुढे नव्हे,
गवतात काठापर्यंत पुरलेल्या प्लास्टिकच्या पेल्यापुढे.

रात्री चालता चालता पडलेले सोंडे.
सोमवारी दोन, काल पाच,
आज अकरा.
त्यातला एक मेल्याचं सोंग घेऊन उताणा.
जागा तरी बरी निवडलीस, बाबा.

क्विग्ली आजोबा फुलं घेऊन आलेत.
"यंदा गवत काय झकास आलंय!"
"हो ना," म्हणत ती वहीत अकरा लिहिते.

जुलैत अळ्या मुळाशी लागतील,
ऑगस्टात गवत चिमटीत येईल
पेंढ्यासारखं, मुळांवाचून.
आजोबांच्या बायकोची बाजू उताराची, उन्हाची.
तिथूनच सुरुवात होते.

पेला झटकून ती पुन्हा पुरते,
भोवतालची माती
तळहाताने दाबते.