काटा अडतो तेव्हा

ड्रम भोसरीचा, आमच्याच शॉपमधला,
कूलंट ऑइलचा, एका बाजूला पोचा.
भंगारवाल्याच्या आधी मी हात घातला.
तीन रविवार घासला, तरी पहिल्या जाळात
त्यानं यंत्राचा वास ओकलाच.
झाकणाला कपाटाची बिजागरी,
धुरांड्याला सायलेन्सरचा तुकडा, जाळी मीच वेल्ड केली.
करुणा म्हणाली, एवढ्यात फ्रिज आला असता.

दापोडीत आमचं मागचं अंगण म्हणजे
न्हाणीपासून रेल्वेच्या भिंतीपर्यंत चौदा पावलं.
त्यात एक पेरू, एक दोरी, आणि आता हा.

फरा खडकी बाजारातला, हाडासकट.
रात्रीच मीठ, मिरी, थोडं काळं तिखट.
लाकडासाठी मात्र वणवण.
टिंबर मार्केटात हसले,
"किलोभर जांभूळ? मग मंडईत बघा."
शेवटी पेरूचीच फांदी, गेल्या उन्हाळ्यात छाटलेली,
न्हाणीच्या पत्र्यावर पडून राहिलेली.

सकाळी सहाला पेटवलं.
आंच एकशेदहा, झडप बोटभर उघडी.
तक्षशिलानं काटा आणून दिलाय,
एक सुई मांसात, एक हवेत,
आकडे माझ्या खिशात वाजतात.
चाळीस. पन्नास. साठ. अडुसष्ट.
मग अडुसष्ट.
बारा वाजले, अडुसष्ट.
एक वाजला, अडुसष्ट.
मांसाला घाम सुटलेला असतो.
जेवढी ऊब द्यावी तेवढी बाहेर टाकतं,
तापातल्या माणसासारखं.
आपण तेव्हा काही करायचं नसतं.
नेमकं तेच मला जमत नाही.

भागाआत्या येरवड्याहून रिक्षानं आली,
आली तीच नाक वर करून.
"पांढरा धूर आहे. कडू होईल.
मधेच ओलं घातलंस."
घातलं होतं. एकच ढलपी. कुणी पाहिलं नव्हतं.

पायरीवर टेकली. ड्रमकडे न बघता म्हणाली,
"अजून एक बोट उघड."
उघडलं. धूर पातळ झाला, निळसर,
जवळपास नसल्यासारखा.
"हां, असा. डोळ्याला दिसू नये, लुगड्याला कळावा."

मग सांगत बसली, मी विचारलं नव्हतं.
चुलीवर आडवी काठी, काठीवर चान्या,
बोटभर रुंद, हातभर लांब.
"धाग्याच्या बाजूनं चिरायच्या. आडव्या चिरल्या की तुटत्यात."
चार-चार महिने टिकायच्या.
पाव्हणा येतोय अशी वर्दी आली
की काठी उचलून मडक्यांच्या मागं.
"तुझा बाप नोकरीला लागला न्
पहिल्या पगारादिवशी त्यानं ती काठी जाळली.
तिच्यावरच पाणी तापवलं. अंघोळ केली."

मला बाप आठवतो तो
टेरिकॉटच्या शर्टात, कानात अत्तराचा फाया,
आणि शेजारी चूल पेटली
की खिडकी लावून घेताना.

खिशात वाजलं. एकोणसत्तर.

पाचला हाड आपसूक निसटून हातात आलं.
बाहेरून कोळसा, आत नखाएवढी गुलाबी कड.
मुलीनं फोटो काढले, करुणानं भाकरी टाकल्या.
आत्यानं वरचा काळा पापुद्रा तेवढा उचलला.
दात नाहीत. हिरडीवर फिरवत राहिली
बराच वेळ. आम्ही सगळे ताटं घेऊन थांबलो.
"मीठ बरंय," म्हणाली.
"पण एवढ्याशासाठी केवढा तो ड्रम."

जाण्याआधी तिनं फ्रिजमधलं कच्चं मागून घेतलं.
माझीच सुरी, चष्मा नाही,
सात पट्ट्या उभ्या चिरल्या, मीठ चोळलं,
आणि दोरीवर, तक्षशिलाच्या लॅबच्या कोटाशेजारी,
कपड्यांच्या चिमट्यांनी टांगल्या.

समोरच्या गच्चीत कुणीतरी
वाळलेले कपडे काढता काढता थांबलं.

मी उठलो. दोरीपाशी गेलो.
तिसऱ्या पट्टीचा चिमटा ढिला होता,
तो नीट लावला.
मग खुर्ची ओढून बसलो.
रात्री इकडे मांजरं फार.