साठच्या वर, वीस मिनिटं

जुन्या जीपचा धूर जास्वंदीवर बसायचा.
पान पुसलं की खाली हिरवं निघे,
बोट मात्र दोन दिवस काळंच.
तिची पंधरा वर्षं भरली तेव्हा
आरटीओतल्या माणसाने कागद न बघताच मान हलवली.

म्हणून कणकवलीला जाऊन ही घेतली.
बीएस सिक्स.
शोरूममधल्या पोराने सायलेन्सरच्या तोंडाला रुमाल धरला,
रुमाल पांढराच.
मी म्हटलं, डिझेलच दे, सवय आहे.
त्याने विचारलं नाही, रोज किती चालणार.
मीही सांगितलं नाही:
घर ते जामसंड्याचं दुकान, अडीच किलोमीटर,
त्यात एक उतार.

चौथ्या महिन्यात पिवळा दिवा लागला.
बाबल मुणगेकराने बॉनेट उघडलंसुद्धा नाही.
"धूर भायर सोडूचो नाय असो कायदो असा.
मगे तो जातलो खंय? आतच रवता. काजळी.
हिका हायवेर व्हर. साठच्या वर, वीस मिन्टां,
आतल्या आत जळान जातली.
नायतर फिल्टर बदलूचो.
धा कलमांचो हंगाम गेलो समज."

नियम दिल्लीत होतात. तिथले रस्ते लांब असतील.
आमच्याकडे गाडी दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारी होते.

रविवारी एकटाच निघणार होतो,
तर शुभदा पायरीवर, हातात पिशवी.
"काही आणायचंय?"
"नाही."
"मग पिशवी?"
"हातात काहीतरी नको का?"

नांदगावचा तिठा, मग हायवे. काटा पासष्टवर.
मी घड्याळ बघत होतो, ती डोंगर.
एकोणतीस वर्षांत कामाशिवाय आम्ही कुठे गेलो नव्हतो.
लग्नं, मयतं, जमिनीची तारीख,
तिच्या गुडघ्याचा एक्सरे.
आजही काम होतंच, पण गाडीचं.
आम्ही नुसते आत बसलो होतो.

बाराव्या मिनिटाला ती बोलायला लागली.
पोस्टाच्या परीक्षेला बसली होती, लग्नाआधी.
पास झाली होती.
बोलावण्याचा कागद वडिलांनी तांदळाच्या डब्यात ठेवला,
तांदूळ संपले तेव्हा तारीख गेलेली.
हे ती काचेबाहेर बघत सांगत होती,
जणू रस्त्यावरची पाटी वाचतेय.
मी काहीच म्हटलं नाही.
काटा साठच्या खाली येऊ द्यायचा नव्हता.

ओसरगावच्या टोलआधी वळलो.
दिवा विझला होता.
गाडीखालून जळक्या धुळीचा वास येत होता,
तिने काच वर केली नाही.

आता दर तीन आठवड्यांनी लागतो.
बाबल म्हणतो, इक आणि पेट्रोल घे.
मेहुणा विजेवरची बघायला बोलावतो,
फोटो पाठवतो, दर पाठवतो.
मी बघतो म्हणतो.

या रविवारी चावी फिरवली तर
डॅशबोर्डवर काहीच नाही.
शुभदा पिशवी घेऊन आलेली.
वाकून तिने नीट पाहिलं.
"लागेल," म्हणाली,
"तिठ्यापर्यंत लागेल,"
आणि दार ओढून घेतलं.