माशी कुठे शिंकली

जेवणाच्या टेबलावर जुनी सतरंजी अंथरून
हेमांगीने पिस्तूल ठेवलं. हवेवरचं, क्लबचं,
सात जणांच्या घामाने मूठ काळी पडलेलं.
“बाबा, सगळे छर्रे डावीकडे जातायत,
दहा मीटरवर दोन बोटं.”

तीन वर्षांत सून माझ्याशी
एवढं लांब बोलल्याचं आठवत नाही.

रिकामं आहे ना, ते आधी मी पाहिलं,
मग तिला पाहायला लावलं, मग पुन्हा मी.
वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळावर
एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस
एका नजरेवर भागवत नाही.

तिने स्वयंपाकघरातून हत्यारं आणून मांडली होती:
कुकरची मूठ आवळायचा स्क्रूड्रायव्हर,
कॅलेंडरचे खिळे ठोकायची हातोडी,
भुवयांचा चिमटा.
म्हटलं, उचल हे सगळं.
स्क्रूची खाच आणि पात्याची जाडी
यांची पत्रिका जुळावी लागते. सैल पातं
आधी स्क्रूचं डोकं खातं, मग आपलं.

माळ्यावरून पेटी काढली.
कंपनी बंद पडली तेव्हा
हिशेबात जे बसलं नाही
ते या पेटीत बसलं.
त्या जागी आता काचेची इमारत आहे,
रात्रभर पोरं कुणाकुणाच्या फोनवर सॉरी म्हणत असतात.

नायलॉनच्या तोंडाची हातोडी. घेतली.
घासून घासून बारीक केलेली तीन पाती. मधलं घेतलं.
कानस, नको. काढलेलं लोखंड परत येत नाही,
कानस हातात आली की हात शहाणपणा करतो.
आणि मेणकागदातला पंच,
पितळेचा, मीच लेथवर उतरवलेला.
लोकांचं पितळ उघडं पडतं,
मी माझं झाकून ठेवलंय, कारण ते मऊ आहे:
पोलादाला पोलादाने ठोकलं तर ओरखडा उठतो,
पितळ आपलंच तोंड चेपून घेतं.

व्हाइसच्या जबड्यात जुन्या चपलेचं चामडं दिलं.
नळी धरली, आवळली, अर्धा आटा सोडली.
पुढचं पातं, ज्याला आम्ही माशी म्हणतो,
कबुतराच्या शेपटीसारख्या खाचेत बसलेलं.
“उजवीकडे सरकवायची ना?” ती म्हणाली.
नाही. मागची खाच असती तर उजवीकडे.
माशीचं उलट आहे, बाई,
चूक जिकडे जाते, तिकडेच माशीला धाडायचं.

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

मग पेन्सिलची रेघ मारली, मूळ जागा कळावी म्हणून,
आणि वाकलो,
आणि रेघ नव्हती.
होती, तिला दिसत होती.
माझ्या उजव्या डोळ्यात फेब्रुवारीपासून दूध सांडलंय,
घरात कुणाला सांगितलेलं नाही.
पंच रेघेवर आहे की शेजारी,
दोनदा टेकवला, दोनदा उचलला.
ती गप्प. मग तिने
माझ्या हातातून हातोडी घेतली,
पंखा बंद करावा तितक्या सहज.
“तुम्ही फक्त पंच धरा. मी सांगते.”

टक.
“थोडं.”
टक.
“केसभर.”
केसभर म्हणजे किती, विचारलं नाही.
तिचा केस, तिचा डोळा.

रविवारी नेरूळहून आली.
गठ्ठा मध्यावर नव्हता, किंचित उजवीकडे गेला होता.
“आपण जास्त ठोकलं?”
किंवा तुझा अंगठा, मी म्हटलं.
“किंवा माझा अंगठा,” तिने मान्य केलं,
आणि चहा टाकता टाकता, पाठमोरी,
“मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. साडेदहा.”

पेटी आता चपलांच्या कपाटावर असते.
कागद तिने माझ्यासमोर ठेवला होता.
मी चश्मा काढून ठेवला
आणि जॉबचा पृष्ठभाग तपासतात तसं
नख फिरवलं त्यावरून, सावकाश,
एकेक भोक, त्याची फाटकी कड,
नववं, दहावं.