नीरफणसाची मापं

चोर्ल्याच्या घाटातून, एसटीच्या शेवटच्या सीटखाली,
ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला मुळाचा फुटवा.
वीतभर. कंडक्टरनं लगेज मागितलं नाही.
कुमुदिनी म्हणाली, "हांगा तो जगचो ना.
हांगा थंडी."
आणि खिडकीकडे तोंड करून झोपली,
काणकोणहून परतताना दर वेळी झोपते तशी.

अनगोळची आमची जागा. पुढं दीड गुंठा,
काळी माती. वैशाखात पंजा आत जाईल एवढ्या भेगा,
श्रावणात चप्पल धरून ठेवते, सोडत नाही.
निचरा पाहिजे म्हणून उद्यमबागेतून
फौंड्रीची टाकाऊ वाळू आणली, चार पोती.
साच्याची वाळू ती. पाणी पिऊन अशी बसली
की पहारीनं फोडून काढावी लागली.
चौतीस वर्षं लेथवर काढली,
शेजारच्याच शेडमधल्या वाळूचं एवढं कळलं नव्हतं.

मग खानापूरची तांबडी माती, भाताचं तूस, शेणखत,
चिऱ्यांचा ओटा फूटभर उंच.

पहिल्या डिसेंबरात पानं खाली वळली.
जानेवारीतल्या एका पहाटे साडेनऊ डिग्री,
शेंडा काळा.
नखानं खरवडून बघितलं तर
बुडाशी चार बोटं हिरवं.
चार बोटं म्हणजे अडुसष्ट मिलिमीटर.
टर्नरची सवय आहे, जात नाही.

रुद्रप्पा हट्टींच्या घराची भिंत पश्चिमेला, आमच्या बाजूला.
दुपारभर ऊन खाते,
रात्री नऊला हात लावला तरी
दुरडीतल्या भाकरीइतकी ऊब.
झाड तिथं हलवायचं होतं. भिंत त्यांची, विचारलं.
चष्मा वर करून त्यांनी झाड बघितलं, मग मला.
"मुळं घराखाली येतात काय हो?"
"येतील," म्हटलं. खोटं कशाला बोला.
ते आत गेले. मला वाटलं, संपलं.
वायर घेऊन आले, आणि शंभराचा पिवळा बल्ब,
मुलगा दहावीला असतानाचा.
"चळीला हे लावा."

चार हिवाळे बांबूच्या चौकटीवर जुनी चादर, आत दिवा.
रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं,
अंगणात कुणी तंबू ठोकून राहिलंय.
थंडी वाढली की रुद्रप्पा रात्री गच्चीवरून वाकून बघायचे,
"बदकतैति, नोड्री."
जगतंय म्हणे.
मला मात्र सकाळी पान मोजल्याशिवाय पटायचं नाही.

कुमुदिनीचं म्हणणं साधं होतं.
"कापां खायची तर सकाळची गाडी धर,
दुपारी ताटात."
खरंच होतं. तीन तासांवर तिच्या भावाच्या परसात
तो कुणी न बघताच वाढतो,
फळं पडून कुजतात, गुरं खातात.
मी काय सांगणार?
रिटायर झालेल्या माणसाच्या हातात व्हर्नियर आहे
आणि मोजायला काही नाही,
हे तिला माहीत होतंच की.

वही आहे. त्यात थंडीच्या महिन्यांत बरेचदा
नुसती शून्यं.
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकदम चौदा, एकवीस, तेहतीस.
एका पानावर सांडलेला चहा.
एका पानावर फक्त "गारा".
"काय मोजूलालाय रोज?" रुद्रप्पा विचारतात.
वही भिंतीवरून देतो. ते आकडे वाचतात,
ओठ हलवत, कन्नडमधून,
आणि परत देतात.

आठव्या वर्षी झाड भिंतीच्या वर गेलं.
दिवा काढला.
त्यांचा नातू गळलेलं पान डोक्यावर घेऊन
पलीकडे फिरायचा, पानाखाली नुसते पाय दिसायचे.

यंदा मृगाच्या आधी शेंड्याजवळ काहीतरी पिवळं, लांबुळकं.
मी धावत जाऊन तिला बोलावलं.
तिनं मान वर करून बघितलं, पदराला हात पुसले.
"नर तो. आधी हाच येतो.
फळ मागून. आलं तर."
आठवड्यानं गळून पडलं. एकशे त्र्याऐंशी मिलिमीटर.
तिनं ते भिंतीच्या माथ्यावर वाळत टाकलं,
आणि एका संध्याकाळी, गटारीचे डास उठले तेव्हा,
न विचारता निखाऱ्यावर ठेवलं.
"आमगेर असेंच करतात."

पलीकडे खोकला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज,
भिंतीजवळ.
"काय जाळूलालाय? डास गेले की हो.
अजून एक आहे काय?"

मी टॉर्च वर मारली.
दोन होती.