रिकाम्या गाडीचं वजन

बत्तीस वर्षं धान्याच्या सायलोपाशी
वजनकाट्यावर बसले मी.
भरलेला ट्रक आत, रिकामा ट्रक बाहेर,
मधला फरक कागदावर.
त्यात गोड बोलून काही होत नसे.
मार्चमध्ये केक कापला,
मला एक घड्याळ दिलं,
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला
उगाच जाग आली.

एप्रिलात शेडमधून गोल्फची पिशवी ओढून काढली.
आत कोळ्यांचा तीन पिढ्यांचा संसार,
वाळल्या बेडकासारखा एक हातमोजा,
आणि अठ्ठ्याऐंशी सालचं स्कोअरकार्ड.
खाली माझ्याच अक्षरात : नव्वद.
त्यानंतर जुळी झाली, आणि पिशवी तशीच राहिली.

आमचं मैदान म्हणजे गव्हाच्या शेतांत नऊ भोकं.
हिरवळ नाही. इतकं पाणी कुणाच्या बापाचं?
भोकाभोवती वाळू, जुन्या तेलात भिजवून काळी केलेली,
आणि कडेला लोखंडी ओढणं :
आपली वाट आपणच सपाट करायची, मग मारायचं.
फाटकाशी डबा. पाच डॉलर टाका.
बघायला कांगारूंशिवाय कोणी नसतं.

नऊ भोकं दोनदा फिरले. एकशे सत्तावीस.

डेस म्हणाला, खांदा फिरव.
डेसने आयुष्यात मासेच मारले, तेही मोजके.
अ‍ॅडलेडहून किरनने व्हिडिओ पाठवले :
एक गोरटेला मुलगा हळूहळू, हळूहळू वळतो
आणि चेंडू क्षितिजापार.
शहरातला प्रशिक्षक सहा तासांचे चारशे ऐंशी घेतो.
नव्या काठीच्या जाहिरातीत वीस मीटर जास्त मिळतात.
वीस मीटर चुकीच्या दिशेला
मी आत्ताही फुकट मारते.

आयव्हर ट्रेंगोव्हला विचारलं.
वय त्र्याऐंशी, चार काठ्या, धातूचा एक खुबा.
"मला काय विचारतेस, नोरीन?
मी साठ वर्षं वाईटच खेळतोय,"
आणि चेंडू शोधायला झुडपात शिरला.

मग केलं ते, जे मला येतं.
वही घेतली, रकाने पाडले.
तीन आठवडे प्रत्येक फटका लिहिला :
कुठून, कुठवर, कोणत्या काठीने, किती शिव्या.
बेरीज केली तेव्हा हसूच आलं.
एकशे सत्तावीसमधले बहात्तर
भोकापासून चाळीस पावलांच्या आत.
दांडगे फटके, ज्यांच्यासाठी सगळे खांदे फिरवतात,
ते अठराच.
बाकी सगळी मालगाडी दारात येऊन घसरते.

म्हणून ठरलं. प्रशिक्षक नको, काठी नको.
वारा उठायच्या आत, रोज, चौथ्या भोकाची काळी वाळू,
दहा पावलांवरून पन्नास चेंडू.
या वाळूचं एक बरं आहे,
चेंडू गेलेला माग ठेवते.
कुठे वळला, कुठे दम तोडला,
पावतीसारखं समोर.
बघायचं. ओढणं फिरवायचं. पुन्हा.

जुलैत, बोटं गारठलेली असताना,
ते जुनं कार्ड टपावर ठेवून
सवयीने बेरीज केली.
नव्वद नाही. शहाण्णव.
पुन्हा केली. शहाण्णव.

बत्तीस वर्षं ज्या बाईच्या काट्याला
एकाही शेतकऱ्याने बोट लावलं नाही,
तिच्याच कार्डावर सहा फटके गायब.
चूक होती की लबाडी?
एकतीस वर्षांची ती, पोटात दोन जीव,
पिशवी ओढत घरी निघालेली.
तिला आता काय विचारणार?
कुणी वाट बघत नव्हतं त्या आकड्याची
तिच्याशिवाय.

कार्ड फाडलं नाही. पेन्सिलीने दुरुस्त केलं,
बाजूला सही केली, कामावर करायचे तशी.
आणि खरं सांगते, जरा आनंदही झाला :
गाठायचं गाव सहा फटके अलीकडे सरकलं होतं.

ऑगस्टमध्ये एकशे नऊ.
सतराव्यावर चेंडू झुडपाच्या मुळाशी टेकला होता.
काठी मागे नेताना जेमतेम स्पर्श झाला,
अर्धा इंच हलला असेल.
आयव्हर पाठमोरा, कांगारू चरत.

मोजला.