जेवल्यावर दोन दिवस हात लावू नये

केतकी बंगळूरला गेली
आणि फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली.
त्यावर सूचना सात.
माझे प्रश्न सत्तावीस.

चावतो का?
"चावला तरी विष नाही, बाबा."
पण चावतो का?
"तुम्ही घाबरवलं तर."
मी. त्याला.

नाव भुट्टा. मक्याचा साप म्हणे,
आणि पोटाखाली खरंच दाणे, काळे-पांढरे,
जुन्या गावरान कणसासारखे.
पाठ भाजक्या विटेची.
सरकारी नोंदीचा कागद माझ्या पेन्शनच्या फायलीत.

हेडाऊ वहिनी उंबऱ्याबाहेरूनच,
"दूध पेते काय जी?"
नाही वहिनी, पाणी पेते. जड वाटीत, रोज ताजं.
"अन् खाते काय?"
मी फ्रीजरकडे बघत नाही.
तिथे मटारच्या पाकिटामागे उंदराची गुलाबी पिल्लं आहेत,
सहा दिवसांनी एक,
पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचं,
मग चिमट्याने. हाताने नाही,
नाहीतर बोटं म्हणजेच जेवण असं त्याला वाटतं.
"अंडं," मी सांगतो.
नागपंचमीपर्यंत चालून जाईल.

पुस्तकं सगळी थंड मुलखातली.
पेटीखाली उबेची चटई घाला,
एका टोकाला तीस, दुसऱ्याला चोवीस,
कुठे निजायचं ते साप आपलं आपण ठरवतो.
मे महिन्यात मानेवाड्यात सेहेचाळीस झाल्यावर
चोवीस कुठून आणायचे, कोणी लिहिलेलं नाही.
मी चटईची वायर उपटली.
कूलर त्याच्या खोलीकडे वळवला, वारा थेट नको म्हणून तिरपा,
आणि स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली.

मंगळवारी दुपारी अडीचला लाइन गेली.
माठाला ओलं फडकं गुंडाळून पेटीला टेकवून ठेवला
आणि सबस्टेशनला फोन लावला.
तीस वर्षं लोक मला ज्या आवाजात फोन करायचे
तोच आवाज माझ्या तोंडून निघाला.
पलीकडचा पोरगा म्हणाला,
"काका, घरी कोणी आजारी आहे का?"
"हो," म्हटलं. "लहान आहे."

जूनमध्ये त्याचे डोळे निळसर झाले, मोतीबिंदूसारखे.
खाईना. मी चार फोटो पाठवले.
"कात टाकणार आहे. डब्यात ओलं शेवाळ ठेवा.
बाकी काही करू नका, बाबा."
काही न करणं मला कोणी शिकवलेलं नाही.
खांबावर चढलो की काहीतरी करूनच उतरायचं.

पाचव्या दिवशी सकाळी कात.
एकसंध, उलट्या मोज्यासारखी,
डोळ्यांच्या चकत्यांसकट.
बारापात्रे डॉक्टर बघून खूश.
"छान निघाली. आपल्या धामणीचा हा लांबचा भाऊबंद, बरं का."

शहाण्णव साली उमरेड रोडच्या डीपीत एक धामण होती.
ट्रान्सफॉर्मरच्या उबेला वेटोळं करून.
धामण आहे, हे मला माहीत होतं.
खाली आठ-दहा लोक वर बघत होते.
रॉड माझ्या हातात होता.
दोनदा.
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
केतकीलाही नाही.

"मला ओळखतो का गं?"
"नाही ओळखत. वासाची सवय होते. सहन करतो."
"किती जगतो?"
"वीस वर्षं. नीट ठेवला तर."
मी एकसष्ट.
बेरीज अर्ध्यावर सोडली.

आज त्याने खाल्लं.
म्हणजे परवापर्यंत हात लावायचा नाही.
झाकणाच्या चारही खटक्या दाबून पाहिल्या,
मग पुन्हा एकदा.
खुर्ची भिंतीपर्यंत मागे ओढली.
तो जीभ बाहेर काढून हवेत काहीतरी वाचत होता,
मी श्वास बेताने घेत होतो.